धरणातली बोट समुद्रात न्यायच्या आधी एकदा पाण्यानं भरून बघा

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

पत्र जरा लांब होणार आहे. जागा कमी पडली तर खुशाल कापा, पण फोमचं आणि वाऱ्याचं तेवढं ठेवा ही विनंती, कारण ते कुणीच सांगत नाही.

आपल्याकडं कराड, पाटण, सातारा, तिकडं पलूस-सांगलीकडंही गळाच्या मासेमारीची हौस वाढलीय, मलाही आहे आणि त्यात वाईट काहीच नाही. धरणात कटला, मरळ धरून झाले की माणसाला सुरमई, तांबोशी, गोबरा दिसायला लागतो. मग चारपाच जण पैसे काढतात, कुठंतरी बॅकवॉटरला चालवलेली जुनी 14-16 फुटी फायबरची बोट स्वस्तात मिळते, ती ट्रॉलीवर टाकायची, पाटण-कोयनानगर करत कुंभार्ली घाट उतरायचा, चिपळूणवरून गुहागर नाहीतर दाभोळ गाठायचं आणि दुसऱ्या दिवशी पहाटे समुद्रात. कोयनेचं पाणीसुद्धा पोफळीच्या वीजघरातून खाली वाशिष्ठीला मिळून त्याच दाभोळच्या खाडीत जातं, त्यामुळं आपल्या लोकांना तो समुद्र अगदी घरचा वाटतो. आणि बोट विकणाऱ्याच्या जाहिरातीत एक वाक्य हमखास असतं, ‘समुद्रात पण चालते’. या एका वाक्यामुळं मला हे लिहावं लागतंय.

चालते म्हणजे काय? शांत पाण्यात ढकलली तर लाकडाची फळीसुद्धा चालते. बोट घेताना लोक दोनच गोष्टी विचारतात, माणसं किती बसतात आणि मशीन, म्हणजे मागं लावलेलं इंजिन, किती एचपीचं आहे. माझं म्हणणं, तिसरा प्रश्न पहिला विचारा: ही बोट पाण्यानं काठोकाठ भरली तर काय होतं? धरणात बोट भरली तर बहुतेक वेळा काठ दिसत असतो, तो काहीशे मीटरवर असतो, लाईफ जॅकेट असलं तर माणूस तरंगत जातो. समुद्रात 10 नॉटिकल मैल आत म्हणजे साडेअठरा किलोमीटर, तिथं ती भरलेली बोट हाच तुमचा काठ. ती पाण्याखाली गेली की संपलं.

मी कराडला फॅब्रिकेशनचं वर्कशॉप चालवतो. मागच्या उन्हाळ्यात आमच्या ग्रुपनं अशीच एक 16 फुटी बोट बघितली, विकणारा म्हणला, ‘फायबर आहे भाऊ, बुडतच नाही.’ फायबर पाण्यापेक्षा जड असतं, नुसतं फायबरचं शेल भरलं तर ते तळाला जाणार, हे कुठल्याही मोल्डिंगवाल्याला विचारा. मग आम्ही म्हणलं की बयाणा द्यायच्या आधी बघूच. बॅकवॉटरला कमरेएवढं पाणी होतं अशा जागी बोट नेली, मशीन काढून ठेवलं आणि त्याच्या वजनाएवढी वाळूची पोती मागच्या फळीपाशी ठेवली, चौघं लाईफ जॅकेट घालून आत बसले, दोघं बाहेरून बादल्यांनी पाणी ओतायला लागले. सुरवातीला काहीच वाटलं नाही, बोट जरा खाली बसली इतकंच. घोट्याच्या वर पाणी आलं तेव्हा एक जण सहज डावीकडं सरकला आणि आतलं सगळं पाणी त्याच्यामागं डावीकडं धावलं, डावा काठ खाली गेला, बाहेरचं पाणी काठावरून आत आलं, आणि पुढचं सगळं इतकं पटकन झालं की कुणाला उलट्या बाजूला सरकायलाही वेळ मिळाला नाही. मागची बाजू तळाला टेकली, नाळ, म्हणजे पुढचं टोक, तेवढी वर राहिली, आणि चौघं कमरेएवढ्या पाण्यात उभे.

नंतर सीटखालच्या ‘एअर टँक’ची झाकणं उघडली. आत फोमचा तुकडा नाही, नुसते पोकळ कप्पे, एकाला तळाशी केसाएवढी चीर, त्यातून पाणी आत शिरलेलं. वरून रंग एकदम नवा.

हे पाणी धावण्याचं प्रकरण नीट समजून घ्या, लहान बोटी यानंच उलटतात. समजा बोटीच्या आत 4 मीटर बाय दीड मीटर जागा आहे आणि त्यात 10 सेंटिमीटर पाणी साचलं, बघायला फार वाटत नाही, पण ते होतं 600 लिटर, म्हणजे 600 किलो वजन, आणि हे वजन एका जागी बसत नाही, बोट जिकडं कलेल तिकडं जातं आणि तिला आणखी कलवतं. म्हणून समुद्राच्या बोटीला आतला डेक बाहेरच्या पाण्याच्या पातळीपेक्षा वर घेतलेला असतो आणि मागं भोकं असतात, आलेलं पाणी आपोआप निघून जातं. आपल्या धरणातल्या बोटी बहुतेक उघड्या, आलेलं पाणी उपसायचं ते बादलीनं. तळातलं पाणी उपसणारा बॅटरीवरचा बिल्ज पंप बसवता येतो आणि बसवावाच, पण मोठी लाट एकदा आत आली की त्या छोट्या पंपाला ती उपसायला बराच वेळ लागतो आणि तेवढ्यात दुसरी येते.

फोम घालून दुरुस्ती होते का? होते, पण कुठला आणि कुठं ते महत्त्वाचं. पाणी न पिणारा, बंद पेशींचा फोम हवा. एक घनफूट फोम साधारण 27 किलो उचलतो, म्हणजे नुसतं 40 एचपीचं मशीन आणि बॅटरी पकडली तरी तीनचार घनफूट मागच्या बाजूलाच पाहिजे, माणसांचा वेगळा. आणि तो तळात भरायचा नाही, दोन्ही बाजूंना काठाच्या खाली वरच्या अंगाला भरायचा, कारण तळातला फोम भरलेल्या बोटीला उलटी करतो आणि काठाजवळचा तिला सरळ ठेवतो. आपल्याकडं सर्रास थर्माकोल कोंबतात, तो पेट्रोलनं विरघळतो, पेट्रोलची टाकी शेजारीच असते आणि थोडं सांडतंच, सहा महिन्यांनी झाकण उघडाल तर आत चिकट गोळा. जुन्या बोटीत फोम असला तरी तो पाणी पिऊन बसलाय का ते बोट काट्यावर चढवून बघा, ट्रॉलीसकट वजन करा आणि ट्रॉलीचं वजा करा, कंपनीच्या आकड्यापेक्षा शंभर-दीडशे किलो जास्त भरली तर ते पाणी आहे.

मागची फळी म्हणजे ट्रान्सम, तिच्यात फायबरच्या आत प्लायवूड असतं, स्क्रूच्या भोकातून पाणी जाऊन ते कुजतं आणि बाहेरून कळत नाही. हातोडीच्या लाकडी दांड्यानं ठोकत जा, टणक आवाज एकदम बद्द झाला की समजा आतलं लाकूड कुजलंय. मशीनचा खालचा पाय धरून वर-खाली हलवा आणि फळीकडं बघा, फळी लवत असली तर बोट परत द्या. आणि त्या फळीची उंची टेपनं मोजा. शॉर्ट शाफ्टच्या, म्हणजे आखूड पायाच्या, मशीनसाठी ती 15 इंच असते, लॉंग शाफ्टसाठी 20. धरणातल्या पुष्कळ बोटी 15 इंचवाल्या, म्हणजे मागून येणाऱ्या लाटेला आत यायला दरवाजा उघडाच. तळ सपाट असेल तर ती शांत पाण्यात छान स्थिर वाटते, समुद्रात तीच बोट प्रत्येक लाटेवर आपटते, मणका धरतो आणि जोड सैल होतात. नट-बोल्ट 304 ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचे असतील तर खाऱ्या पाण्यासाठी 316 चे घालावे लागतात, मशीनला गोड्या पाण्याचा, गंज स्वतःवर घेणारा मॅग्नेशियमचा अॅनोड असेल तर बदलून झिंक किंवा अॅल्युमिनियमचा, आणि प्रत्येक ट्रिपनंतर मशीन गोड्या पाण्यानं धुवायचं. हा सगळा खर्च धरून मग बोट स्वस्त आहे का महाग ते ठरवा.

आता वारा. कोकणात हिवाळ्यात पहाटे मतलई वारा असतो, जमिनीकडून समुद्राकडं. किनाऱ्याजवळ त्याला लाट उठवायला जागाच मिळत नाही, म्हणून सकाळी सहाला वाळूत उभं राहून बघितलं तर समुद्र गुळगुळीत दिसतो. तिथं उभं राहून ‘आज मस्त आहे’ म्हणायला काहीच लागत नाही. आत जाल तसं लाट वाढत जाते, आणि मशीन बंद पडलं तर हाच वारा तुम्हाला किनाऱ्यापासून लांब नेतो. दुपारनंतर खारा वारा, म्हणजे समुद्राकडून जमिनीकडं येणारा, सुरू होतो, बहुतेक वायव्येकडून, आणि तो दुपारभर वाढत जातो, म्हणजे नेमकं तुम्ही दमलेले, उन्हानं डोकं चढलेलं, आईसबॉक्स भरलेला, आणि परतीचा रस्ता लाटा पाठीमागून तिरक्या घेत. मागून लाट आली की हलकी बोट तिच्या उतारावर घसरते, नाळ पुढच्या लाटेत घुसते, मागची बाजू फिरते आणि बोट लाटेला आडवी होते. 1979 साली इंग्लंडमधल्या फास्टनेट शर्यतीत वादळात बोटी उलटून माणसं गेली, त्यानंतर तिकडं ज्या चाचण्या झाल्या त्यात दिसलं की आडव्या बोटीवर फुटणारी लाट बोटीच्या लांबीच्या 30 टक्के उंच असली तरी तिला उलटी करू शकते. 16 फुटी बोटीला म्हणजे पाच फूट.

पाच फुटाची फुटणारी लाट कुठं असते? भर समुद्रात शोधायची गरज नाही, ती खाडीच्या तोंडाशी मिळते. तिथं वाळूचा पट्टा असतो, पाणी उथळ होतं, आणि ओहोटीचं पाणी जोरात बाहेर येत असताना समोरून लाट आली की ती उभी राहून फुटते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला तर विचारूच नका, त्या मानानं अष्टमीच्या आसपास भांगाच्या भरतीला ओढ कमी असते. म्हणून परतायची वेळ भरतीला जुळवून घ्यायची, आणि जुळत नसेल तर त्या दिवशी जायचंच नाही. गुहागरकडं मासेमारी बोटीचे तांडेल, म्हणजे कप्तान, असलेले एक काका आहेत, आमच्या बोटीचे फोटो त्यांना दाखवले तर मशीन किती एचपीचं हे त्यांनी विचारलंच नाही. पहिला प्रश्न, ‘नांगराला दोर किती?’ दुसरा, ‘दुपारी खाडीत कोणत्या पाण्यावर शिरणार?’

वेगाचाही हिशोब चुकतो. शांत पाण्यात 40 एचपीवर ही बोट 20 नॉट, म्हणजे तासाला 20 नॉटिकल मैल, सहज पळते, 10 मैल अर्ध्या तासात. येताना लाटेत तीच बोट सहाच्या वर नेता येत नाही, म्हणजे पावणेदोन तास, आणि हळू चाललं म्हणजे पेट्रोल कमी लागतं असं नाही, जड झालेली बोट पाणी ढकलत चालते. एक तृतीयांश जायला, एक तृतीयांश यायला, एक तृतीयांश शिल्लक, हा जुना नियम आहे आणि तो मोडू नये. पेट्रोलात आता 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते हवेतला ओलावा ओढतं, बोटीत महिनाभर पडून राहिलेल्या टाकीत पाणी वेगळं होऊन तळाला बसतं आणि मशीन नेमकं लाटेत हबकल्यावर ते ओढून घेतं. पाणी वेगळं करणारा फिल्टर बसवा, जुनं पेट्रोल घेऊन जाऊ नका.

अंदाज बघायचा तर कुठं? नुसतं मोबाईलवरचं ऊन-पाऊस बघून समुद्राचं काही कळत नाही. हैदराबादचं इन्कॉइस म्हणजे महासागर माहिती सेवा केंद्र, ते लाटांचा अंदाज रोज देतं आणि 2020 पासून छोट्या बोटींसाठी त्यांची वेगळी सल्ला सेवा आहे, 7 मीटरपर्यंत रुंदीच्या बोटींसाठी, लाटेची उंची, तिचा उभेपणा, वेगवेगळ्या दिशांनी येणाऱ्या लाटा आणि अचानक वाढणारा वारा हे सगळं धरून धोका किती ते सांगतात, 10 दिवस आधीपर्यंत. फुकट आहे. फक्त तिथला लाटेचा आकडा कसा वाचायचा ते माहीत पाहिजे, दीड मीटर लिहिलं असेल तर ती सगळ्यात मोठी लाट नव्हे, मोठ्या एक तृतीयांश लाटांची ती सरासरी असते, दिवसभरात एखादी त्याच्या दुपटीला जाते. आणि उंचीशेजारी सेकंद दिलेले असतात ते आवर्जून बघा, एक मीटरची लाट 10 सेकंदांनी येत असेल तर बोट आरामात वरखाली होते, तीच चारपाच सेकंदांनी येत असेल तर 16 फुटी बोट मार खाते.

मशीन बंद पडलं तर काय, याचं उत्तर जायच्या आधी बोटीत ठेवलेलं पाहिजे. एक छोटं चारसहा एचपीचं दुसरं मशीन, त्याची टाकी वेगळी. नांगर आणि पाण्याच्या खोलीच्या किमान पाचपट दोर, 20 मीटर पाण्यात म्हणजे 100 मीटर, धरणातल्या बोटीत असतो जेमतेम 20-25 मीटरचा. तेवढ्या दोरानं नांगर तळाला धरतच नाही, बोट वाहत जाते. चालवणाऱ्याच्या अंगाला किल स्विचची दोरी अडकवलेली हवी, तो पाण्यात पडला तर मशीन थांबतं, नाहीतर बोट गोल फिरून त्याच्याच अंगावर येते. मोबाईल काही किलोमीटरनंतर भरवशाचा नाही, व्हीएचएफ रेडिओ सेट घ्या आणि मदतीच्या हाकेचा चॅनल 16 लावून ठेवा. तटरक्षक दलाचा टोल फ्री नंबर 1554 आणि सागरी पोलिसांचा 1093, दोन्ही बोटीच्या आत रंगानं लिहून ठेवा. घरी किंवा बंदरावर एका माणसाला सांगून जा, कुठं जातोय आणि किती वाजता परत येणार, तेवढ्या वाजेपर्यंत फोन आला नाही तर त्यानं पुढचा फोन लावायचा.

माणसं किती? लांबी गुणिले रुंदी फुटात, भागिले 15, हा ठोकताळा. 16 बाय 6 म्हणजे साधारण सहा जण, पण तो शांत पाण्याचा आकडा. 60 लिटर पेट्रोल 45 किलो, बर्फासकट बॉक्स 40, पिण्याचं पाणी, बॅटरी, नांगर-दोर, दुसरं मशीन, हे दोन माणसांचं वजन झालं. समुद्रात तीन, फार तर चार. मित्राला ‘तू थांब’ म्हणायला जड जातं हे मला कळतं. पण सांगलीकरांनी 8 ऑगस्ट 2019 ला महापुरात ब्रह्मनाळला बोट उलटलेली बघितलीय, क्षमतेपेक्षा जास्त माणसं बोटीत असली की काय होतं ते या जिल्ह्याला नव्यानं सांगायला नको. आणि ती तर नदी होती, गावाच्या जवळ. लाईफ जॅकेट सीटखाली ठेवायची वस्तू नाही, अंगात पाहिजे, बक्कल लावून.

कागदाचं थोडक्यात. धरणासाठी नोंदलेली बोट समुद्रात चालवायला आपोआप परवानगी मिळत नाही, मेरीटाईम बोर्डाच्या बंदर ऑफिसात आणि मत्स्य विभागात आधी विचारा, विमाही वाचून बघा, बहुतेक पॉलिसीत कुठल्या पाण्यात चालवायची ते लिहिलेलं असतं. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंदी असते, त्या दोन महिन्यांत बोट समुद्रात उतरवायचा विचारही करू नये.

आम्ही ती बोट समुद्रासाठी घेतली नाही. फोम, ट्रान्सम, दुसरं मशीन, रेडिओ सगळं धरलं तर खर्च बोटीच्या किमतीच्या वर जात होता, आणि एवढं करूनही काठाची उंची वाढत नव्हती. सुरमईसाठी आता काकांच्या मोठ्या बोटीतून जातो, ते म्हणतील त्या दिवशी, ते म्हणतील तेव्हा मागं फिरायचं. ज्यांना स्वतःची बोट न्यायचीच आहे त्यांनी किनाऱ्यापासून मैलभराच्या आत, वारा उठायच्या आधी परत, आणि पाणी भरायची चाचणी केल्याशिवाय नाही, एवढं पाळलं तरी पुष्कळ.

तुमच्याकडं दोन मागण्या आहेत. एक, छोट्या जाहिरातींत बोट विकायची असेल तर लांबी, रुंदी, ट्रान्समची उंची, फोम आहे का नाही आणि नोंदणी कुठल्या पाण्याची, हे छापल्याशिवाय ‘समुद्रात चालते’ हे वाक्य घेऊ नका. दुसरी, आपल्या सातारा-सांगली आवृत्तीत शनिवारी पर्यटनाचं पान असतं, त्यात कोकणातल्या हॉटेलांच्या शेजारी चार ओळीत दाभोळ आणि हर्णैच्या भरती-ओहोटीच्या वेळा आणि इन्कॉइसचा शनिवार-रविवारचा लाटांचा अंदाज छापा. घाट उतरणारा माणूस तो पेपर गाडीत ठेवूनच उतरतो.

आमच्या चाचणीचे फोटो आणि बोटीची मापं माझ्याकडं आहेत, छापायची असतील तर कळवा, लगेच पाठवतो.

आपला,
एक नियमित वाचक, कराड, जि. सातारा